तिकडची हवा

५ जानेवारी, भरे

इंद्रादादा,

पयली माफी मागते. माझं शुद्धलेखन लई वाईट हाय आन टायपिंग त्याच्याहून हळू. दोन ओळी लिवूस्तवर काकीची म्हस पिळून व्हती. काकीचाच फोन हाय, मधी कुनाचा फोन आला तर आर्धं ऱ्हाईल. तू म्हनतोस फोनवर बोल, पन फोन कानाला लावला की माझा घसा बंदच पडतो, तुला म्हाइत हाय. म्हनून चिट्टी.

तू म्हनलास हवेचा पेपर दोनदा गेला, सत्तर मार्क पायजेत आन गाडी साठाला अडकती. गौतू, तू धडा वाच आन तुझ्या भाषेत मला परत सांग, म्हंजे डोक्यात शिरंल. मला हसूच आलं. नववीतनं शाळा सोडलेली मी, पायलटला शिकवनार! पन तू धाडलेले फोटो बोटांनी मोठे करकरून वाचले. धुक्याचा धडा चार येळा.

मला कळलं ते आसं. डेरीत गार टाकीतनं कॅन भाईर काढला की त्याला घाम फुटतो. तो घाम कॅनचा नसतो, हवेचा आसतो. हवा गार व्हत व्हत एका आकड्याला आली की तिच्याच्यानं पानी धरवत न्हाई. तो दवाचा आकडा. राती आभाळ मोकळं, वारा पडलेला, जमीन गार, आन हवेचा आकडा दवाच्या आकड्याला टेकला की सकाळी धुकं. ऊन चढलं की जातं. बरोबर का?

आप्पा बरे हायेत. नांद्याचं वावर इकून तुला तिकडं नागपूरच्या पुढं इमानाच्या शाळंत धाडलं, तवापासनं त्यांना दुसरा इषयच न्हाई. कुनी इचारलं तर म्हनत्यात, "आमचा इंद्रजित आत्ता वर आसंल." सकाळी बी तेच, जेवताना बी तेच. काकी म्हनती, "मंग माझं पोरगं जेवतं कवा? ढगात?"

तुझी गौतमी


९ जानेवारी, होस्टेल

गौतू,

तुझा घाम फुटलेला कॅन मी रूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवला. आधी हसले, मग परत वाचायला लावला. सरांनी दोन तास बोलून जे कळलं नव्हतं ते तुझ्या कॅनने कळलं. शाळेत तुला ढ म्हणायचे त्यांना इथे आणायला पाहिजे.

धुक्याचाच त्रास चालू आहे बघ. माझा सोलोचा नंबर लागलाय. सोलो म्हणजे पहिल्यांदा एकट्याने विमान न्यायचं, शेजारी सर नाहीत. पण रोज सकाळी उठून बघावं तर हजार मीटरच्या पुढचं दिसत नाही. तेवढ्यात शिकाऊ माणसाला सोडत नाहीत. आप्पांना सांग, हवा साफ झाली की लगेच. फोटो पाठवतो.

पुढचा धडा वाऱ्याचा. शेवटच्या पानावर एक गंमत आहे, ती करून बघ.

इंद्रजित


२ फेब्रुवारी, भरे

दादा,

गंमत केली. गच्चीवर गेले आन वाऱ्याकडं पाठ करून हुबी ऱ्हायले. मागनं आप्पा आले. म्हनले, "काय गं, कुनावर रुसलीस?"

म्हनलं, "वाऱ्यावर."

मंग सांगितलं, वाऱ्याकडं पाठ केली की हवेचा दाब कमी आसलेली बाजू आपल्या डाव्या हाताला. मंग आप्पा बी पाठ करून हुबे, डावा हात लांब करून. "म्हंजे कमी दाब शंभूच्या गोठ्यावर हाय," म्हनले. काकी खालनं वरडली, "आवं, लोक बघत्यात! दोघं बी येडी झालाव का?" आप्पा म्हनले, "बघू दे. पायलटचा बाप हाय मी."

पन जिना चढताना तीनदा बसले दादा. म्हनून पौडला दवाखान्यात नेलं, तितनं पुन्याला धाडलं. छातीतली झडप खराब झालीया, आपरेशन करून बदलायची. आप्पा डॉक्टरला म्हनले, "पोराचं इमान उडू द्या, मंग बघू."

डॉक्टर म्हनला, "त्याचा हितं काय संबंध?"

"संबंध कसा न्हाई? पोरगं एकटं वर जानार, आन मी हितं सुई टोचून बेसुद पडू? कुनीतरी खाली जागं पायजे का नको?"

डॉक्टर हसला. मी न्हाई हसले. काकी तर भाईर जाऊन बाकावर बसली.

तू काळजी करू नको. घाई न्हाई म्हनला डॉक्टर. पन तुझं इमान कवा उडनार ते सांग. आप्पा रोज सकाळी इचारत्यात, "तिकडची हवा कशी हाय गं?" जसं काय मी तितं जाऊन बघून आले.

गौतमी


११ फेब्रुवारी, होस्टेल

गौतू,

आप्पांना सांग वाट बघू नका, ऑपरेशन करून घ्या. माझं ऐकतील तर ना. घाई नाही म्हणालेत डॉक्टर, मग ठीक आहे, मार्चपर्यंत माझं होतंयच.

धुकं गेलं तर आता वारा. रनवे बांधला तसाच राहतो, वारा पाहिजे तिकडून येतो. आडवा वारा जास्त असला की उतरताना विमान बाजूला ढकलतो. आपण ओढ्याच्या पाण्यातून बैल पलीकडे नेतो तेव्हा तो जसा तिरका जातो, तसं. शिकलेला माणूस सांभाळतो, नवीन माणसाला थांबवतात. परवा नंबर होता, थांबवलं. काल परत थांबवलं.

मी हिरमुसलो नाही, तूही होऊ नकोस. हवा कुणाच्या हातात नसते.

इंद्रजित


२० मार्च, भरे

दादा,

ढगांचा धडा झाला. आभाळाचे आठ भाग करायचे आन त्यातले किती ढगानं झाकले ते सांगायचं, हे मला लई आवडलं. भाकरीचे करतो तसे. आता मी सकाळी अंगन झाडताना मनातल्या मनात सांगते, आज दोन भाग, आज पाच भाग. लाजायचं काम न्हाई, आभाळ उलट इचारत न्हाई.

आन तो मोठा गडगडणारा ढग. खाली काळा, वर फुलकोबीवानी फुगत फुगत जातो, आन पार वर पोचला की पसरट व्हतो, लोहाराच्या ऐरणीवानी. ऐरण दिसली की त्याच्या आसपास इमानानं फिरकायचं न्हाई. पाऊस यायच्या आधी त्याच्यातनं गार वारा खाली आदळतो आन चारी बाजूला पळतो. हे मला आधीच ठावं व्हतं. वाळत घातलेली कापडं एकदम उलटी उडायला लागली की आपन पळतोच की. फक्त त्याला नाव व्हतं हे ठावं नव्हतं.

शंभूनानाला मी परवा सांगितलं, कांदा झाका. म्या सांगितलं दादा, तोंडानं! तो म्हनला, "आली का वेधशाळा!" झाकला न्हाई. भिजला. आता रोज कुंपनाव येऊन इचारतो, "वेधशाळाबाई, आज काय हुकूम?" मी घरात पळते.

आप्पा आता बसूनच झोपत्यात. भितीला उशी लावून. म्हनत्यात आडवं झालं की तुझं इमान दिसत न्हाई.

मार्च संपत आला. तिकडची हवा कशी हाय?

गौतमी


१५ एप्रिल, होस्टेल

गौतू,

आज तर कमालच झाली. आज माझा सोलो नक्की होता. सर सकाळी म्हणाले, दुपारी ऊन उतरलं की जा. आणि चार वाजता तू लिहिलीस तशी ऐरण डोक्यावर! गार वारा असा आदळला की धूळच धूळ. मग गारा, बोराएवढ्या, पत्र्यावर नुसता ताशा. सगळी विमानं दोरांनी बांधून ठेवली. अर्ध्या तासात संपलं, पण रनवे ओला, वरून आजूबाजूला गडगडाट.

संध्याकाळी मात्र काय दिसलं सांगू. पावणेसातला सूर्य ढगाखालून बाहेर आला, आणि पूर्वेला हे मोठं इंद्रधनुष्य. डबल. मी बाहेर उभा राहून बघतच बसलो. वाटलं तू पाहिजे होतीस.

आप्पांना सांग, आता उन्हाळी ढगांचा हंगाम आहे, थोडं मागेपुढे होणार. मे महिन्यात नक्की.

इंद्रजित


१८ एप्रिल, भरे

दादा,

तुझी चिट्टी मी आप्पांना वाचून दाखवली. इंद्रधनुष्याचं सांगितल्यावर आप्पा लई खूश झाले. म्हनले, "आरं, हितं बी त्याच दिशी! हितं बी डबल! बापलेकाला एकच इंद्रधनुष्य दिसलं." काकीला हाक मारून परत वाचायला लावलं.

व्हय. हितं बी त्या दिशी चारलाच गारा झाल्या. बोराएवढ्याच. पावणेसातला मी धनुष्य बघितलं, घोटावड्याच्या बाजूला.

एक इचारायचं व्हतं. अभ्यासातलंच हाय. तितं सूर्य किती वाजता मावळतो? आन सूर्य सगळीकडं एकाच टायमाला मावळतो का?

न्हाई म्हंजे सहज इचारलं.

गौतमी


१९ एप्रिल, होस्टेल

गौतू,

चांगला प्रश्न आहे, पण हा हवेच्या पेपरचा नाही, नेव्हिगेशनचा. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेच्या गावात सूर्य आधी उगवतो आणि आधी मावळतो. एका रेखांशाला चार मिनिटं. गावांचे रेखांश फोनवर मिळतात. वजाबाकी कर, चारने गुण, उत्तर तुझं तूच काढ. तू हुशार आहेस.

इथे साधारण पावणेसात-सात. बाकी ठीक. घाईत आहे, क्लास आहे.

इंद्रजित


२४ एप्रिल, भरे

दादा,

आज खरं लिवते. आप्पांनी शप्पत घातली व्हती पन मोडते.

डॉक्टर घाई न्हाई असं म्हनलाच नव्हता. फेब्रुवारीतच म्हनलेला, महिन्याच्या आत करा, न्हाईतर फुप्फुसात पानी भरंल. आप्पांनी गाडीत बसल्यावर माझा हात धरला. म्हनले, "गौते, तू त्याला चिट्ट्या लिवतीस. त्यातलं एक अक्षर बी त्याला कळलं तर तो वर गेल्यावर माझा इचार करंल. वर गेलेल्या मानसानं खालचा इचार करू नये." म्हनून मी तुला खोटं लिवलं.

पाय सुजल्यात. चार पावलं चालले की ओठ निळे पडत्यात. काकी रोज भांडती, आप्पा रोज एकच, "हवा साफ व्हऊ दे."

तर माझं एक ऐक. तू आप्पांना फोन कर आन सांग की सोलो झाला. फोटो मागतील तर मी सांगीन फोनवर फोटो उघडत न्हाई. बाकीचं मी सांभाळते. तू फक्त सांग, उडालो आन उतरलो. एवढंच. मी तुला आजून काय बी इचारनार न्हाई. कधीच.

गौतमी


२५ एप्रिल, होस्टेल

गौतू,

तू आधी का सांगितलं नाहीस? मी तीन महिने कॅन आणि बैल लिहीत बसलो.

पण खोटं कसं सांगू गं? आप्पांना? एवढी मोठी गोष्ट, त्यांच्या आयुष्यातली एकच, आणि ती खोटी सांगू? त्यांनी मला विचारलं की वर कसं वाटलं, तर काय सांगू? माझी जीभ वळणार नाही. दोन-चार दिवस थांब, हवा सुधारतेय.

इंद्रजित


२५ एप्रिल, भरे

दादा, हवेचं नको. फोन कर.


२९ एप्रिल, भरे

दादा,

तुझा फोन आला तवा मी चुलीपाशी व्हते. आप्पा आधी नुसतं "व्हय, व्हय" करत व्हते. मंग बघितलं तर डोळं मिटून बसलेले, फोन कानालाच, तू कवाच ठेवलेला. काकीनं इचारलं, "आवं, काय म्हनला?"

"एकटा गेला," म्हनले. "एकटा गेला आन खाली बी आला."

मंग जे सुरू झालं! शंभूनानाला हाक, टमटमवाल्या विलासतात्याला हाक, पिरंगुटवरनं पेढे. विलासतात्या म्हनला, "आप्पा, आता तुमच्या पोराला सांगा, आमच्या घरावरनं जाताना हात दाखव." आप्पा म्हनले, "हात काय म्हनून दाखवंल? त्याचे दोन्ही हात कामात आसत्यात." मला इचारलं, "गौते, हवा कशी व्हती गं त्या टायमाला?" मी सांगितलं, आठातला एक भाग ढग. वारा समोरनं, संथ. लांबवर साफ दिसत व्हतं. आप्पांनी मान हलवली, जसं काय तेवढंच ऐकायचं ऱ्हायलं व्हतं.

राती काकीला म्हनले, "बॅग भर. आता मी झोपायला मोकळा."

२ तारखेला पुन्याला दवाखान्यात भरती करनार. मी जानार संगं.

गौतमी


६ मे, सकाळी सहा

दादा, आप्पांचं बिघडलंय. पानी लई भरलंय, आता आपरेशन सोसनार न्हाई म्हनत्यात. बोलत्यात आजून. तुझं नाव घेत्यात. निघ. जसा आसशील तसा निघ. जितनं आसशील तितनं.

गौतमी


६ मे, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं

निघालो. इथून चौदा तास लागतात. संध्याकाळी आठपर्यंत पोचतो. आप्पांना सांग मी येतोय.

इंद्रजित


२४ मे, नांदे

गौतू,

मी शाळेत परत गेलो नाही. तेराव्यानंतर बॅग घेऊन निघालो, तुम्ही सगळे पौड फाट्यापर्यंत सोडायला आलात, आणि मी नांद्याला आलो. मी सप्टेंबरपासून नांद्यातच हाय. आपलं वावर होतं तिथनं दोन गल्ल्या पलीकडं, तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत चौघं. माणच्या रस्त्याला पार्सलचं गोडाऊन हाय, तिथं कामाला.

पेपर गेला हे खरं होतं. पण नुसता पेपर नव्हता. वर गेलो की माझे हात थरथरायचे. सर शेजारी असले तरी. पाचव्या-सहाव्या वेळी सरांनी माझ्या हातातनं दांडा काढून घेतला, खाली आल्यावर पाणी दिलं आन म्हणाले, तू घरी जा बाळा, हे सगळ्यांना जमत नसतं. चांगला माणूस होता. ओरडला असता तर बरं झालं असतं.

घरी येणार होतो. एसटीत बसलो पण होतो. पण आप्पांचा फोन आला आन पहिलंच वाक्य, "आत्ता वर हायेस का खाली?" मी म्हणालो, खाली. बस्स. तिथनं सुरू झालं.

तुला धडे का पाठवत होतो विचारशील. मला पेपर द्यायचाच नव्हता. तुझी चिठ्ठी आली की मला वाटायचं मी अजून तिथंच हाय. धुकं, वारा, ढग, सगळं मी ह्या खोलीच्या खिडकीतनं लिहिलं.

आता जे सांगायचंय ते सांगतो. सहा तारखेला तुझा मेसेज आला तेव्हा मी गोडाऊनच्या गेटवर चहा पीत होतो. दवाखाना तिथनं गाडीवर पाऊण तास. मी गाडीला किक मारली. बाणेरपर्यंत आलोसुद्धा. आन मग मनात आलं, नागपूरच्या पुढनं निघालेला माणूस पाऊण तासात कसा पोचला? आप्पा विचारतील. शेवटच्या घडीला त्यांना कळेल की पोरगं खोटं बोलत होतं. त्यापेक्षा थांबू. आप्पा तेवढा वेळ काढतील, खमके हायेत.

गाडी तिथंच लावली. वाघोलीला गेलो, नागपूरच्या गाड्या जिथं माणसं उतरवतात तिथं. एका रसवंतीच्या बाकावर बसलो. गुऱ्हाळवाला म्हणाला, कुणाची वाट बघताय? मी म्हणालो, माझीच. त्याला वाटलं चेष्टा करतोय. केसांत थोडी धूळ घातली. शर्ट चुरगाळला. फोन बंद केला, कारण प्रवासात रेंज नसते.

अडीचला आप्पा गेले तेव्हा मी दुसरा ग्लास घेत होतो.

आठला पोचलो तर विलासतात्या गळ्यात पडून म्हणाला, लांबनं आला रं लेकरू. गावात आप्पांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला, खाली माझं नाव, पुढं पायलट.

वाटलं तर तू मला एक ओळ पण लिहू नकोस. पण कुणालातरी सांगायचं होतं आन आईला सांगायची हिंमत न्हाई.

इंद्रजित


१ जून, भरे

दादा,

सात दिवस झाले ही चिट्टी लिवतीया. टायपिंगमुळं न्हाई.

मला म्हाइत व्हतं.

तू म्हनलास वजाबाकी कर, चारनं गुण. केली. नागपूरच्या पुढं तितं त्या दिशी सूर्य साडेसहाच्या आतच मावळला. मंग फोनवर बी बघितलं, सहा अठ्ठावीस. मावळलेल्या सूर्याचं पावणेसातला इंद्रधनुष्य पडत न्हाई. तेवढ्या टायमाला तो आपल्याच आभाळात व्हता. म्हंजे तू आमच्याच गारा बघितल्या, आमचंच धनुष्य बघितलं. नांदं हाय का हिंजवडी ते ठावं नव्हतं, पन तू हितंच कुटंतरी हायेस हे ठावं व्हतं. एप्रिलपासनं.

मी बोलले न्हाई. तुला वाटंल का. नववीत बाई मला रोज हुबं करून मोठ्यानं वाचायला लावायच्या. मला येत व्हतं दादा, पन तोंड उघडायचं न्हाई. सगळी पोरं हसायची, बाई थांबून ऱ्हायच्या, घड्याळ बघत. म्हनून मी शाळा सोडली, घरच्या कामामुळं न्हाई. मला तुला तसं हुबं करायचं नव्हतं. वाटलं तुझं तू सांगशील. चिट्टीत लिवलं व्हतं बघ, जसा आसशील तसा निघ, जितनं आसशील तितनं. मला वाटलं तुला कळंल. मी आजून एकच ओळ लिवायला पायजे व्हती. "मला म्हाइत हाय." तीनच शब्द. एवढं हळू टायपिंग करून बी एका मिनिटाचं काम.

तुला त्या दिवसाचं सांगते, कारन दुसरं कोन सांगनार. काकी औषधाच्या रांगेत व्हती, आप्पांपाशी मीच. आप्पा दर थोड्या येळानं इचारायचे, "कुटंवर आलं पोरगं?" मी नकाशा उघडला. म्हनलं, नागपूर सुटलं. मंग म्हनलं, अमरावती आली. माझे डोळे दाराकडं. मला वाटत व्हतं पाऊन तासात तू आत येशील, मंग आप्पांना काय सांगायचं ते बी मी ठरवून ठेवलं व्हतं, की मास्तरनं इमानानं पुन्याला सोडलं. ते खोटं तयार व्हतं दादा. तुला दारात यायचं बाकी व्हतं. दहा वाजले, अकरा वाजले. बारा वाजले. मंग मला कळलं की तू गाडीचे तास मोजत बसला आसशील. फोन लावला, मी स्वताहून लावला, बोलायला. बंद.

दोनला आप्पांनी इचारलं. मी म्हनलं, कारंजा.

आप्पा म्हनले, "कारंजा म्हंजे आजून आर्धं बी न्हाई." मंग म्हनले, "घाई करू नको म्हनावं. ऊन लई हाय, डायवरला पानी पिऊ द्या." त्याच्यानंतर न्हाई बोलले.

मी तुझ्यावर रागावले का हे मला ठावं न्हाई. कधी लई रागावते. कधी वाटतं तू वाघोलीला बसला व्हतास आन मी आप्पांना गावं सांगत व्हते, दोघं मिळून एकच गाडी हाकत व्हतो, आन त्या गाडीत कुनीच नव्हतं.

काकीला मी सांगनार न्हाई. ती रोज लोकांना सांगती, माझं पोरगं लांब हाय, एकटं हाय, रडत आसंल. तिला वाटतंय तुला भाकरी कोन करून घालतंय. ते ऐकून घेनं माझ्यानं आता व्हत न्हाई. तू ये. वीस मिनिटाचा रस्ता हाय. केसात धूळ घालू नको, फ्लेक्स मी शंभूनानाकडनं उतरवून घेतलाय. तू दारात हुबा ऱ्हा, बोलायला न्हाई जमलं तर मी बोलीन. आता येतं मला.

बाकी काय, विलासतात्यानं टमटम इकून उंट आनलाय. खरंच उंट. धरनावर येनाऱ्या पाव्हन्यांना बसवायला. काल आपल्या दारावरनं गेला तर त्यानं शंभूनानाच्या पत्र्यावरची सगळी शेवग्याची पानं खाल्ली.

गौतमी